मेणबत्ती विझल्यावरच पाणी का चढतं?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक टेबल ठरलेलं असतं. ताटलीत शाई टाकलेलं पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि वरून पालथा घातलेला काचेचा ग्लास. ज्योत मलूल होते, विझते आणि ताटलीतलं पाणी ग्लासात चढतं. शेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेलं उत्तर एका दमात म्हणून दाखवतो: मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून रिकाम्या झालेल्या जागेत तेवढंच पाणी आलं. परीक्षक मान डोलावतात, गुण देतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

उत्तर चुकलेलं असतं.

ते चुकलंय हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, पाणी नेमकं कधी चढतं एवढंच बघावं लागतं. ऑक्सिजन संपत जातो तशी जागा रिकामी होत असेल, तर मेणबत्ती जळत असतानाच पाणी हळूहळू वर सरकायला हवं. प्रत्यक्षात ज्योत असेपर्यंत ते फारसं हलत नाही. ज्योत विझते आणि मग ते भर्रकन चढतं. ग्लास खाली टेकवताना कडेकडे लक्ष दिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. कडेखालून चार-दोन बुडबुडे बाहेर पडतात. म्हणजे आत काही कमी पडण्याऐवजी सुरुवातीला हवाच जास्त झालेली असते.

आता थोडा हिशेब. मेण म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. २५ कार्बन अणूंची एक साखळी पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू व पाण्याच्या वाफेचे २६ रेणू तयार होतात. ऑक्सिजन गेला खरा, पण जाताना जागा दुसऱ्यांना देऊन गेला. वाफेचं थंड होऊन पाणी होतं हे मान्य, पण कार्बन डायऑक्साइड आतच राहतो. तो पाण्यात विरघळतो, मात्र इतक्या झटपट नाही. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरतच नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरलं की ज्योत दम तोडते. पाच भाग ऑक्सिजन गेला, सव्वातीन भाग कार्बन डायऑक्साइड आला. निव्वळ घट शंभरात दोन भागांहूनही कमी. २०० मिलिलिटरच्या ग्लासात एवढ्या जागेत चहाचा एक चमचाही पाणी मावणार नाही.

मग उरलेलं पाणी कुठून येतं? उष्णतेमुळे. ज्योतीभोवतीची हवा तापून फुगते, ग्लासात मावत नाही आणि बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की आत राहिलेली हवा भराभर थंड होऊन आकसते, वाफेचे थेंब होतात आणि आतला दाब घटतो. बाहेरच्या वातावरणाचा दाब ताटलीतल्या पाण्याला आत रेटतो. ग्लास पाणी ‘ओढतो’ हे म्हणायला सोयीचं असलं, तरी खरं काम बाहेरची हवा करते आणि तिची ताकद कमी नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्येही वातावरणाचा दाब साडेनऊ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सहज पेलतो. ग्लासातलं दोन-तीन सेंटिमीटर पाणी त्याच्यापुढे किरकोळ.

ही चूक इतकी वर्षं का टिकली, यामागे एक गमतीचा योगायोग आहे. ग्लासातल्या हवेचं सरासरी तापमान १०२ अंश सेल्सिअसवरून २७ अंशांवर आलं, तर तिचं आकारमान बरोबर एक पंचमांशाने घटतं. म्हणजे उष्णतेचं उत्तर आणि ऑक्सिजनचं उत्तर एकाच आकड्याच्या आसपास येऊ शकतात! आकडा जुळला की कारण तपासायची गरज कुणाला वाटत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलो या ग्रीक तंत्रज्ञाने अशाच प्रयोगाचं वर्णन केलं होतं. आग हवेचा नाश करते, असं त्याला वाटलं. ऑक्सिजनचं नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. आजच्या गाइडांना मात्र देता येतो.

खात्री करायची तर ताटलीत एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. ग्लास तोच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं, कारण हवा जास्त तापते. ज्योतच नको असेल तर स्टीलच्या ग्लासात गरम पाणी भरून मिनिटभराने ओतून टाकावं आणि ग्लास लगेच थंड पाण्याच्या ताटलीत पालथा घालावा. काहीही न जळता ताटलीतलं पाणी कमी होऊ लागतं. जुन्या पिढीतल्या अनेकांनी हाच प्रयोग स्वतःच्या पोटावर करून घेतला आहे. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोटावर पेटती पणती ठेवायची आणि वर तांब्या पालथा घालायचा. तांब्या घट्ट चिकटतो, कातडी वर उचलली जाते. भौतिकशास्त्र चोख, वैद्यक मात्र शून्य, शिवाय भाजण्याची भीती.

मग हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजायचा कसा? त्यासाठी असं काही हवं, जे ऑक्सिजन घेईल पण बदल्यात वायू सोडणार नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत ते ढिगाने पडलेलं असतं: लेथवर निघणारा लोखंडाचा कीस. ऑक्सिजन घेऊन लोखंडाचा गंज होतो आणि गंज घन असतो. किसाला लागलेलं कूलंट आणि तेल साबणाने नीट धुवावं, हातमोजे घालावेत, कारण कीस बोटं कापतो. ओला कीस उंच, अरुंद बाटलीच्या तळाशी घट्ट बसवून ती पाण्यात पालथी उभी करावी. काही दिवसांत पाणी वर सरकत जातं आणि हवेची सुमारे एक पंचमांश जागा भरली की थांबतं. भांडी घासायची तारेची घासणी इथे चालत नाही; ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि गंजत नाही. मेणबत्तीच्या टेबलावर सांगितलं जाणारं उत्तर खरं तर या प्रयोगाचं आहे.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याच्या या वाटेवर पिंपरीचा एक जुना धागा आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून बाहेर पडून पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, अभियंता म्हणून रुजू झाले. १९७८मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांतून त्यांची खेळणी सुरू झाली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रक बनवणाऱ्या कारखान्याने देशाला एक खेळणीवाला दिला, हे या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासात ठळकपणे लिहायला हवं.

याच पट्ट्यातली दुसरी आठवण दुःखद आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे इथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ‘स्पार्कल’ मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. त्या दिवशी सहा कामगार महिलांचा मृत्यू झाला आणि उपचार सुरू असताना मृतांचा आकडा वाढत गेला. नावात मेणबत्ती असली तरी ही वस्तू शोभेच्या दारूच्या जातीची आहे. तिच्यात धातूची भुकटी असते आणि ती जाळणारा ऑक्सिजन सोडणारं रसायनही आतच कालवलेलं असतं. साधी मेणबत्ती ऑक्सिजनसाठी खोलीतल्या हवेवर अवलंबून असते, म्हणून ग्लास पालथा घातला की विझते. स्पार्कल हवेची वाट पाहत नाही. तिच्यावर ग्लास घातला तर ती आतच पेटत राहील, काच तडकून ठिणग्या अंगावर उडतील.

म्हणून घरी हा प्रयोग करताना साधी मेणाची मेणबत्तीच घ्यावी, मुलांसोबत मोठ्या माणसाने बसावं आणि केकवरची स्पार्कल त्या ताटलीपासून लांबच ठेवावी.