कुलूप पक्के, किल्ली विसरली

टॅबचा पासकोड आठवेनासा झाला की घरात पळापळ सुरू होते. अशा वेळी दुकानाकडे धाव घेण्यापूर्वी काय करावे, काय वाचू शकते आणि काय कायमचे जाते?

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी टॅब ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास त्यावर होतो, गावाकडच्या आईवडिलांशी समोरासमोर बोलणे त्यावर होते, विजेचे बिल भरले जाते आणि बारशापासून गणेशोत्सवापर्यंतचे सगळे फोटो त्यातच साठत जातात. घरातले सगळेच तो हाताळतात. पण त्याचा पासकोड नेमका कुणी लक्षात ठेवायचा, हे मात्र कुणीच ठरवलेले नसते.

मग एके दिवशी टॅब उघडत नाही. नवरा म्हणतो, ‘मुलीने बदलला असेल.’ मुलगी म्हणते, ‘मी नाही, दादाने.’ दादा परीक्षेसाठी पुण्याला गेलेला असतो. तोवर प्रत्येकाने आपापल्या आठवणीतले आकडे दाबून पाहिलेले असतात आणि पडद्यावर ‘नंतर प्रयत्न करा’ अशी सूचना झळकू लागते.

विसर पडतो कसा?

रोज वापरातल्या वस्तूचा आकडा विसरतोच कसा, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर बऱ्याचदा आपल्या बोटात असते. टॅब बोटाच्या ठशाने किंवा चेहरा पाहून उघडतो, त्यामुळे महिनोन्महिने आकडे दाबण्याची वेळच येत नाही. पण टॅब बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा पासकोडच द्यावा लागतो. आयपॅड ४८ तासांहून अधिक काळ उघडला नसेल तरीही तो बोटाचा ठसा मान्य करत नाही. सुट्टीत गावी जाऊन आले, बॅटरी पूर्ण उतरली, टॅब पुन्हा सुरू केला की अडचण उभी राहते ती अशी.

दुसरे कारण म्हणजे लहान मुले. मुलांच्या हाती टॅब देताना आपण पासकोड सांगतो, मग मुले तो बदलतात आणि दोन दिवसांत विसरतातही.

दाराची कडी नव्हे

जुन्या काळी कपाटाची किल्ली हरवली की कुलूपवाल्याला बोलावत. तो पाच मिनिटांत कुलूप उघडून देई आणि आतल्या साड्या, दागिने जिथल्या तिथे असत. टॅबच्या बाबतीतही असेच काहीतरी होईल, अशी आपली समजूत असते. इथेच घोटाळा होतो.

टॅबचा पासकोड ही नुसती दाराची कडी नाही. आजच्या टॅबमधले फोटो, चिठ्ठ्या आणि इतर माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. ती वाचण्यायोग्य करणारी गुप्त किल्ली तुमचा पासकोड आणि टॅबमधल्या चिपमध्ये दडलेला खास आकडा या दोघांतून तयार होते. पासकोड नसेल तर आतली माहिती म्हणजे नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा ढिगारा.

चार आकड्यांच्या पासकोडच्या १० हजार शक्यता असतात, सहा आकड्यांच्या १० लाख. ॲपलने ठेवलेल्या रचनेत एक पासकोड तपासायला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. म्हणजे दुसरा काही अडथळा नसता तर चार आकड्यांच्या सगळ्या शक्यता पाऊण तासाच्या आतच काय, १३-१४ मिनिटांत तपासून झाल्या असत्या. म्हणूनच पहिले काही चुकीचे प्रयत्न माफ करून पुढे आयपॅड १ मिनिट, ५ मिनिटे, १५ मिनिटे, १ तास असा वाढत जाणारा वेळ थांबायला लावतो. दहा वेळा चुकले की तो दार बंदच करतो.

ही सुरक्षा किती पक्की असते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या गोळीबारानंतर हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी एफबीआय या तपास यंत्रणेने न्यायालयामार्फत ॲपलची मदत मागितली. कंपनीने नकार दिला. प्रकरण देशभर गाजले आणि मार्च २०१६ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून फोन उघडून घेतल्याचे सांगून सरकारने आपली मागणी मागे घेतली. एवढ्या बलाढ्य सरकारला जिथे घाम फुटला, तिथे कोपऱ्यावरचा दुकानदार काय करणार?

टॅब हवा की आतले?

म्हणूनच डोके शांत ठेवून आधी एक गोष्ट समजून घ्यावी. ‘टॅब पुन्हा सुरू करणे’ आणि ‘टॅबमधले परत मिळवणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम बहुतेक वेळा होते. त्यासाठी टॅब आतून पूर्ण पुसून नव्यासारखा करावा लागतो. दुसरे काम मात्र त्या माहितीची प्रत दुसरीकडे आधीच ठेवलेली असेल तरच होते. पुसलेला टॅब मागचे काही परत देत नाही.

त्यामुळे पुसण्यापूर्वी पुढील गोष्टी करा.

० आकडे दाबणे थांबवा. घरातल्या प्रत्येकाला शांतपणे विचारा. पासकोड कधी आणि कुणी बदलला, हे कळले तर निम्मे काम होते.

० पासकोड नुकताच बदलला असेल आणि आयपॅडमध्ये आयपॅडओएस १७ किंवा त्यानंतरची प्रणाली असेल, तर बदलल्यापासून ७२ तासांच्या आत जुना पासकोड वापरून आत जाता येते. मुलाने काल बदलला असेल तर ही सोय अगदी देवासारखी धावून येते.

० टॅबवर कोणते खाते आहे ते शोधा. पुष्कळ घरांत टॅब घेताना दुकानदारानेच गूगलचे खाते उघडून दिलेले असते आणि त्याचे नावही कुणाला माहीत नसते. गूगलच्या खात्याचे नाव फोन नंबर आणि आपले नाव देऊन शोधता येते. मात्र तो नंबर चालू हवा.

० तेच खाते दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उघडा आणि फोटो तिथे आले आहेत का ते पाहा. नुसते खाते आहे म्हणजे फोटो आहेतच असे नाही. गूगल १५ जीबी आणि ॲपल ५ जीबी जागा फुकट देते. ती भरली की नवे फोटो जाणे थांबते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे, ते मुद्दाम पाहा.

० अँड्रॉइड टॅबमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते आधी काढून घ्या. त्यावरचे फोटो बहुधा दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहता येतात.

एवढे पाहून झाले की मगच पुढचे पाऊल टाका.

आयपॅड असेल तर

आयपॅडओएस १५.२ किंवा त्यानंतरची प्रणाली असेल आणि टॅब वायफायला जोडलेला असेल, तर बरेच प्रयत्न चुकल्यावर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आयपॅड पुसण्याचा पर्याय दिसतो. तो निवडून ॲपल खात्याचा पासवर्ड दिला की टॅब पुसला जातो.

हा पर्याय दिसत नसेल तर संगणक लागतो. आयपॅड बंद करा. होमचे बटण असलेल्या आयपॅडवर ते बटण, आणि नसलेल्यावर वरचे बटण दाबून धरा व तसेच धरून केबलने संगणकाला जोडा. पडद्यावर केबल आणि संगणकाचे चित्र येईपर्यंत बटण सोडू नका. मग संगणकावर ‘रीस्टोअर’ निवडा. प्रणाली उतरवून घ्यायला १५ मिनिटांहून जास्त वेळ लागला तर आयपॅड त्या अवस्थेतून बाहेर येतो. अशा वेळी घाबरून न जाता पुन्हा पहिल्यापासून तसेच करावे.

पुसल्यानंतरही आयपॅड जुने ॲपल खाते विचारतो. चोराला टॅबचा उपयोग होऊ नये म्हणून २०१३ पासून ही सोय आहे. खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर खरेदीचे मूळ बिल कामी येते. बिलावरून मालकी सिद्ध झाली की हे कुलूप काढून देण्याची विनंती ॲपलकडे करता येते.

अँड्रॉइड टॅब असेल तर

अगदी जुन्या अँड्रॉइड टॅबवर पाच वेळा चुकले की गूगलचा पासवर्ड देऊन आत जाता येत असे. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून तो मार्ग बंद झाला. आता गूगलच्या ‘फाइंड हब’ या सेवेतून (पूर्वीचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’) दुसऱ्या फोनवरून टॅब पुसता येतो, पण उघडता येत नाही. दुसरा उपाय म्हणजे टॅब बंद करून पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून धरणे. त्यानंतर येणाऱ्या यादीतून ‘फॅक्टरी रीसेट’ निवडायचे. काही कंपन्यांच्या टॅबला वेगळी बटणे दाबावी लागतात, ती पुस्तिकेत दिलेली असतात.

इथेही पुसल्यावर जुने गूगल खाते मागितले जाते. त्याचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर एक दिवस थांबून मगच टॅब पुसावा, असा गूगलचाच सल्ला आहे.

शाळेचा टॅब

हरियाणा सरकारने मे २०२२ पासून सरकारी शाळांतल्या दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. गुडगाव, फरिदाबादच्या घरांतही ते पोहोचले. शाळेने किंवा कचेरीने दिलेल्या अशा टॅबची व्यवस्था त्यांच्याच हाती असते. तो अडला तर घरी खटपट करू नये, बाजारातही नेऊ नये. सरळ वर्गशिक्षकांना किंवा कचेरीतल्या संगणक विभागाला सांगावे.

बाजारात जाताना

नेहरू प्लेस किंवा करोल बागेतले गफ्फार मार्केट म्हणजे दिल्लीकरांचे हक्काचे ठिकाण. फुटलेली काच आणि थकलेली बॅटरी बदलण्यात तिथल्या कारागिरांचा हात धरणारे थोडेच. पण पासकोड म्हणजे तुटलेला सुटा भाग नव्हे. ‘खुल जायेगा’ असे कुणी सांगितले तर एकच प्रश्न विचारावा, ‘आतले फोटो राहतील का?’ उत्तर नाही असेल, तर जे काम घरी फुकट होते त्याचेच पैसे आपण देत आहोत हे समजावे. उत्तर हो असेल, तर जास्तच सावध राहावे.

त्याहून मोठा धोका इंटरनेटवर शोधलेल्या ग्राहक सेवा क्रमांकांचा. ठगांनी पेरून ठेवलेले असे क्रमांक कंपनीचे नाव लावून फिरत असतात. फोन उचलणारा मधाळ आवाजात मोबाइलमध्ये एखादे ॲप घ्यायला सांगतो आणि तुमचा पडदा आपल्या ताब्यात घेतो. ‘एनीडेस्क’सारख्या ॲपच्या अशा गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. टॅबचा पासकोड मिळवण्याच्या नादात बँकेचे खाते रिकामे होऊ शकते. ओटीपी कुणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

माणूस गेल्यावर

सगळ्यांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. वडील जातात, त्यांचा टॅब मागे राहतो. नातवंडांशी झालेली बोलणी, तीर्थयात्रेचे फोटो, मुदतठेवींच्या नोंदी त्यात अडकतात आणि पासकोड त्यांच्याबरोबरच गेलेला असतो. अशा वेळी घाईने टॅब पुसून टाकला तर पुढे पश्चात्तापाशिवाय हाती काही उरत नाही. जिथे प्रत असण्याची शक्यता आहे, ती खाती आधी पाहावीत.

याची तरतूद जिवंतपणीच करता येते. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय दिली. त्यात नेमलेली व्यक्ती आपल्याजवळची खास किल्ली आणि मृत्यूचा दाखला देऊन खात्यातले फोटो व इतर माहिती मिळवू शकते. गूगलमध्ये २०१३ पासून अशीच सोय आहे. खाते किती महिने वापरात नसेल तर कुणाला कळवायचे, हे त्यात ठरवता येते आणि दहा जणांपर्यंत नावे देता येतात. बँकेच्या खात्याला वारस लावतो, तसेच हे. आईवडिलांकडे हा विषय काढायला संकोच वाटतो हे खरे, पण विम्याचे कागद कुठे ठेवलेत हे आपण विचारतोच ना?

थोडी शिस्त, मोठा फायदा

टॅबचा पासकोड, खात्याचे नाव आणि पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवावी. टॅबच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवू नये आणि जन्मतारखेचा पासकोड ठेवू नये. पासकोड बदलला तर त्याच दिवशी वहीत नोंद व्हावी, हा नियम मुलांनाही लावावा. आठवड्यातून एकदा तरी बोट न वापरता आकडे दाबूनच टॅब उघडावा. खात्याला जोडलेला फोन नंबर बंद करण्यापूर्वी नवा नंबर नोंदवावा. बदली होऊन दिल्लीत आलेल्यांकडून नेमके हेच राहून जाते. आणि महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा हवे तर, फोटोंची प्रत दुसरीकडे पोहोचली का ते तपासावे.

पासकोड गुप्त असावा, पण घरात एका तरी विश्वासाच्या माणसाला तो माहीत असावा. टॅब बाजारात पुन्हा विकत मिळतो, आजीच्या आवाजातले बोलणे मिळत नाही. म्हणून आज संध्याकाळी घरातली सगळी मंडळी जेवायला एकत्र बसतील तेव्हा हा विषय काढावा आणि वहीचे पहिले पान लिहून टाकावे.