राहिल्याचा पुरावा

माझ्या थोरल्या मुलाला जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्याची बातमी आमच्या सुरगाणा तालुक्यात पसरली आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरून गेला : "मास्तर, बिझनेस व्हिसावर गेलं तर तिथं पर्मनंट व्हायला किती वर्षं लागतात?" विचारणारी मुलं हुशार आहेत. कुणी नाशिकला डिप्लोमा करतो, कुणाची बोरगावकडे स्ट्रॉबेरी आहे, कुणी दिंडोरीच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. त्यांना अर्धवट माहिती देऊन परत पाठवणं मला जमत नाही. म्हणून इथं सगळं सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. लोक ज्याला बिझनेस व्हिसा म्हणतात त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिला अल्प मुदतीचा. जर्मनी, फ्रान्स अशा शेंगेन देशांत त्यावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. बैठका घ्या, प्रदर्शन बघा, मालाचा सौदा करा आणि परत या. तिथं राहून धंदा चालवण्याची मुभा त्यात नसते आणि ते दिवस कायम वास्तव्याच्या हिशेबातही धरत नाहीत. अमेरिकेचा बी-१ व्हिसा याच जातीचा. "आधी यावर जा, मग तिथं बदलून घेऊ" असं सांगणारे एजंट आमच्या तालुक्यापर्यंत पोचले आहेत. त्यांच्या या एका वाक्यावर कुणी लाखभर रुपये मोजू नयेत, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. अमेरिकेत धंदा करणाऱ्यांसाठी ई-२ नावाचा व्हिसा आहे खरा, पण तो फक्त करार झालेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो. त्या देशांत भारत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे व्यवसायासाठीचा निवास परवाना. तोही तात्पुरताच, पण त्याच्यापुढे रस्ता आहे. जर्मनीच्या निवास कायद्यातलं एकविसावं कलम स्वतःचा धंदा करणाऱ्या परदेशी माणसासाठी आहे. धंद्याची त्या भागाला गरज हवी किंवा त्यात आर्थिक हित हवं, त्याचा अर्थव्यवस्थेवर चांगला परिणाम अपेक्षित हवा, आणि भांडवल स्वतःचं किंवा मंजूर कर्जाचं हवं. या तीन गोष्टी तपासून परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. तीन वर्षांनी धंदा ठरवल्याप्रमाणे उभा राहिलेला असेल आणि त्यातून स्वतःचं नि घरच्यांचं पोट भरत असेल, तर कायम वास्तव्याचा परवाना देता येतो. कायद्यात "देता येतो" असंच आहे, "द्यावाच" असं नाही. ही तीन वर्षांची सवलत डॉक्टर, कलाकार, सल्लागार अशा स्वतंत्र व्यावसायिकांना लागू नाही. त्यांना साधारण नियमाने पाच वर्षं थांबावं लागतं. परवान्यावर नेमकं काय लिहिलंय हे पहिल्याच दिवशी वाचायचं ते यासाठी.

माझा मुलगा थेट धंदा करायला गेला नव्हता. नाशिकला कृषी अभियांत्रिकी करून तो श्टुटगार्टला मास्टर्सला गेला. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला तो गेल्यावर कळलं. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम तिथल्या गोठवलेल्या खात्यात आधी भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाखांच्या वरच. त्याच्या वेळी जी होती ती बहुतेक माझ्या भविष्य निर्वाह निधीतून गेली आणि त्याच्या मामांनीही हात दिला. शेताला हात लावायचा नाही हे घरात आधीच ठरलं होतं. तसंही आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. आमच्यासारख्या घरांना हे कलम किती मोठा आधार आहे, हे अशा वेळी समजतं.

तिथल्या विद्यापीठाची पदवी घेतली की काम शोधायला अठरा महिने मिळतात. शिवाय अशा पदवीधराने शिक्षणाशी जुळणारा धंदा काढला तर मघाच्या तीन अटींतून त्याला सूट मिळते. मुलाने फळं आणि औषधी पाला वाळवायची छोटी यंत्रं बनवून विकायचं ठरवलं. नगरपालिकेत धंद्याची नोंद, कर कार्यालयाचा नंबर, आरोग्य विमा, मग परवाना, असा तो क्रम. नोकरी धरली असती तर बाकीच्या अटी पाळून, तिथली पदवी असल्यामुळे, दोनच वर्षांत कायमचा परवाना मागता आला असता. धंद्याला एक वर्ष जास्त लागतं आणि जोखीमही जास्त. हे त्याला माहीत होतं, तरी त्याने धंदाच निवडला. त्याची आई तेव्हा धास्तावली होती. मला मात्र त्याचा निर्णय पटला, कारण वाळवणाचं काम त्याच्या ओळखीचं होतं. आमच्याकडे मोहाची फुलं वाळत घालतच पोरं मोठी होतात.

त्या तीन वर्षांत त्याने सर्वांत जास्त काय केलं असेल तर कागद जपले. घरभाड्याचा करार, पत्ता बदलल्याची नोंद, विम्याचे हप्ते, दर वर्षीचा कर-आकारणीचा आदेश, बँकेचे उतारे, विकलेल्या प्रत्येक यंत्राची पावती. अर्जाच्या वेळी अधिकारी हाच माग काढतात : हा माणूस इथं खरंच राहिला का, इथं कमावलं का, कर भरला का. आणखी एक नियम घरच्यांनीही पाठ करावा असा आहे. तात्पुरत्या कामासाठी नव्हे तर मुक्काम हलवून देश सोडला, किंवा सहा महिन्यांत परत आला नाही, तर निवास परवाना आपोआप रद्द होतो. कायमचा परवानाही बहुतेकांच्या बाबतीत असाच जातो. म्हणून घरातलं आजारपण असो की मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव, तिकीट तारखा बघूनच काढायचं. मुदत संपण्याआधी अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो आणि तसा दाखला मिळतो. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण नाही.

सुरगाण्याच्या माणसाला हे सारं परकं वाटायचं कारण नाही. राहिल्याचा पुरावा म्हणजे काय ते आम्हाला वनहक्काने शिकवलं आहे. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत ती जमीन तुमच्या नावे होईल, नवरा-बायको दोघांच्या नावे. पण सिद्ध करा. त्यासाठी एकाहून अधिक पुरावे लागतात : दंडाच्या जुन्या पावत्या, शेतातला बांध, विहीर, लावलेली झाडं, म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. आधी ग्रामसभा, मग प्रांतांची उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. शाळा सुटल्यावर मी गावोगावच्या वनहक्क समित्यांना हे दावे लिहून देत असे. वनखात्याने केलेल्या दंडाची पावती आजोबाने रागाने फाडली की जपून ठेवली, यावर नातवाचा दावा टिकतो किंवा पडतो, हे मी पाहिलं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात आमच्या तालुक्यातली बाया-माणसं मोठ्या संख्येने होती, ती या हक्कासाठीच. मुलाला फोनवर मी एवढंच सांगत असे, की कुठलाही कागद, अगदी दंडाचासुद्धा, टाकू नको.

परदेशी मुलखात मराठी माणसाकडे असा कागद मागितला गेला तो आजचाच नाही. १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेलेल्यांत कोकण-साताऱ्याकडचे आपले लोकही होते. करार संपल्यावर तिथंच राहणाऱ्या जुन्या मजुराला १८६० च्या दशकात स्वतःचा फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागे. पास नसला तर अटक. त्यांचीच मुलं-नातवंडं पुढे त्या बेटाची नागरिक झाली.

लोकांची सर्वांत मोठी भीती वेगळीच असते. "पोरगा तिकडचा झाला, आता सातबाऱ्यावरून नाव जाणार." तसं होत नाही. कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. माझा मुलगा भारताचाच नागरिक आहे, पासपोर्ट भारताचाच आहे, वारसाची जमीन त्याची राहते. तिथल्या संसदेसाठी त्याला मत देता येत नाही. इथं देता येतं, पण मतदानाला गावी यावं लागतं. जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व न सोडता पाच वर्षांनी आपलं नागरिकत्व देऊ लागली आहे, पण आपला कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं संपतं. मग ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. तो निर्णय त्याने अजून घेतलेला नाही आणि मीही घाई करत नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांनी कागदाचं काम इथूनच सुरू करावं. दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर बापाचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. आमच्या पिढीत तर जन्मतारीख माहीत नसली की शाळेत १ जून लिहून मोकळे होत, म्हणून निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. हे फरक गावात असताना दुरुस्त होतात, तिकडून फार जड जातात. जन्मदाखला आणि पदव्यांवर अपोस्टील किंवा तिथल्या वकिलातीला लागेल ती साक्षांकनं करून घ्यावीत. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्यापेक्षा जास्त मागितलं की उठून यावं.

सध्या माझ्या टेबलावर चुलतभावाची फाईल आहे. त्याच्या बापाने कसलेल्या वनजमिनीचा दावा पुरावा अपुरा म्हणून नामंजूर झाला आहे. निकालापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून झाले आहेत. तिसरी आजी लेकीकडे उंबरठाणला आहे, तिच्याकडे या आठवड्यात जायचं आहे.