मीटर बदलायला माणूस आला तर

दुपारी आपल्या वस्तीत म्हातारी माणसे आणि लेकरेच घरी. तेव्हाच चिखली-मेहकरकडे कोणी दारात येऊन "प्रीपेड मीटर सक्तीचे, सही करा" म्हणाला, तर आधी ओळखपत्र मागावे. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले आहे. नव्या टीओडी मीटरचे बिल वापरानंतरच येते.

प्रीपेडला आमचा विरोध का? पैसे संपले की दिवा गेला! थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते (वीज कायदा २००३, कलम ५६). रोजमजुराला हे पंधरा दिवसच तारतात. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी स्वस्त, मुबलक विजेचा आग्रह धरला होता, तो उगाच नव्हे.

"आज रात्री वीज कापू" असा फोन आला तर पैसे पाठवू नयेत. १९१२ वर विचारावे. मीटर बदललेच, तर जुन्याचे शेवटचे रीडिंग लिहून घ्यावे.