सरकारी गाडीच्या चार्जिंगचं बिल कोणत्या खात्यात?

सरकारी गाडीत पेट्रोल भरलं की हिशेब सरळ असतो. पंपावर पावती मिळते, लॉगबुकात लिटर आणि किलोमीटर चढतात, देयक लेखा शाखेत जातं आणि रक्कम ‘पेट्रोल, तेल व वंगण’ या शीर्षाखाली खर्ची पडते. गाडी विजेवर चालणारी असली की हा सरळपणा संपतो. कार्यालयात चार्ज केली तर तिची युनिटं कार्यालयाच्या वीजबिलात मिसळून जातात. महामार्गावर चार्ज केली तर चालकाला मोबाइल ॲपमधून पैसे द्यावे लागतात. रात्री चालकाच्या घरी लावली तर बिल त्याच्या नावावर येतं. रक्कम प्रत्येक वेळी लहान असते, पण सरकारी पैसा कोणत्या अधिकारात खर्च झाला, हे रुपयाच्या बाबतीतही सांगता यायला हवं.

हा प्रश्न अमेरिकेने कायद्याच्या अंगाने बराच घासूनपुसून पाहिला आहे.

दोनशे वर्षांपूर्वीचा दंडक

संसदेने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं अमेरिकेची राज्यघटना सांगते. १८०९ च्या कायद्याने त्यात भर घातली: पैसा ज्या कारणासाठी मंजूर झाला, त्याच कारणासाठी तो वापरायचा. कर्मचाऱ्याचं घर ते कार्यालय हे येणं-जाणं त्याची खासगी बाब. मग कार्यालयाच्या वाहनतळावर त्याने स्वतःची इलेक्ट्रिक गाडी सरकारी विजेवर चार्ज केली, तर तो सरकारी पैशाचा खासगी वापर ठरतो. वीज दीड डॉलरची आहे की पंधरा डॉलरची, याने फरक पडत नाही.

म्हणून तिथे कायदा करावा लागला. २०१२ मध्ये प्रतिनिधीगृह आणि सेनेट यांच्या वाहनतळांसाठी दोन स्वतंत्र कायदे झाले. चार्जर बसवा, पण वापरणाऱ्यांकडून शुल्क घ्या आणि सरकारवर निव्वळ बोजा पडू देऊ नका, हा त्यांचा गाभा. डिसेंबर २०१५ मध्ये ‘फास्ट ॲक्ट’ या वाहतूकविषयक मोठ्या कायद्याने तशीच मुभा केंद्र सरकारच्या इतर कार्यालयांना दिली. तिथेही खर्च शुल्कातून वसूल करण्याची अट राहिली.

गाडी सरकारी, चार्जर बाहेरचा

सरकारी गाडीचा प्रश्न याच्या उलट आहे. इथे खर्च करण्याचा अधिकार निर्विवाद असतो, अडचण असते ती पैसे देण्याच्या वाटेची. अमेरिकेत सरकारी गाड्या पुरवणारं खातं प्रत्येक गाडीबरोबर इंधनासाठी एक कार्ड देतं. ही पद्धत पेट्रोल पंपाभोवती बेतलेली. चार्जिंगच्या जाळ्यात मात्र कुठे सभासदत्व लागतं, कुठे वेगळं ॲप लागतं, कुठे आकारणी युनिटवर तर कुठे मिनिटांवर होते. सरकारी कार्डावर चार्जिंगचा खर्च बसतो हे निःसंदिग्धपणे सांगण्यासाठी तिथल्या संसदेत विधेयकं आली, ती याच कारणाने.

दुसरी दुरुस्ती चार्जरच्या बाजूने झाली. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी राज्यांना ५ अब्ज डॉलर दिले. सरकारी निधीतून उभ्या राहणाऱ्या अशा केंद्रांसाठी २०२३ मध्ये नियम आले: सभासदत्वाची सक्ती नको, साधं बँक कार्ड चाललं पाहिजे आणि दर युनिटप्रमाणे दाखवला पाहिजे. युनिटचा दर कळला की सरकारी खर्च तपासता येतो.

याच काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, अध्यक्ष जो बायडेन यांनी आदेश काढला होता: सरकारसाठी घेतल्या जाणाऱ्या नव्या हलक्या गाड्या २०२७ पर्यंत आणि सर्व नव्या गाड्या २०३५ पर्यंत प्रदूषणमुक्त असाव्यात. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तो रद्द केला. आदेश एका सहीने आला आणि एका सहीने गेला. १८०९ चा दंडक आणि २०१५ चा कायदा मात्र जागेवरच आहेत. गाड्या किती घ्यायच्या हे सरकारं बदलली की बदलतं. हिशेबाचा नियम त्याहून टिकाऊ असावा लागतो, कारण घेतलेल्या गाड्या रोज चार्ज कराव्याच लागतात.

घरच्या मीटरचं गणित

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. १ जानेवारी २०२२ पासून शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नव्या गाड्या इलेक्ट्रिकच असतील, असा निर्णय महाराष्ट्राने घेतला. त्याआधी, एप्रिल २०१८ मध्ये, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सार्वजनिक चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केला होता. म्हणजे एकाच गाडीचा खर्च कधी कार्यालयाचं वीजबिल, कधी सेवेचं शुल्क, तर कधी चालकाला द्यायची भरपाई, अशा तीन रूपांत समोर येतो.

यात चालकाचं नुकसान सहज होऊ शकतं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा. घरात महिन्याला ९० युनिट जळत असतील आणि ३० युनिटची बॅटरी दहा वेळा पूर्ण भरली, तर एकूण वापर ३९० वर जातो. गाडीची बहुतेक युनिटं वरच्या, महाग टप्प्यांत पडतात. सरासरी दराने भरपाई दिली तर फरक चालकाच्या पगारातून जातो. ब्रिटनच्या कर विभागाने कंपनीच्या गाड्यांसाठी सप्टेंबर २०२५ पासून दोन दर केले: सुरुवातीला घरच्या चार्जिंगला मैलामागे ८ पेन्स आणि सार्वजनिक चार्जरला १४ पेन्स. जागा बदलली की खर्च बदलतो, हे तिथे नियमातच मान्य झालं आहे.

लिहून ठेवायला हवं ते

चार्जिंगसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावं. लॉगबुकात लिटरऐवजी युनिट, ठिकाण आणि दर यांचे रकाने असावेत. कार्यालयातल्या चार्जरला वेगळा मीटर असावा आणि तिथे खासगी गाडी लावणाऱ्याने, तो शिपाई असो वा सचिव, शुल्क भरावं. चालकाच्या घरी गाडी लावायची असेल तर तिथेही वेगळा मीटर किंवा वरच्या टप्प्याच्या दराने भरपाई मिळावी, आणि ती महिन्याच्या महिन्याला मिळावी.

या नियमांना मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक स्पष्ट शासन निर्णय. वित्त विभागाने आणि प्रत्येक महापालिकेने तो ठळक अक्षरांत लिहावा आणि चालकाच्या हाती त्याची प्रत द्यावी. सरकारी गाडीसाठी कुठल्याही चालकाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागू नये, आणि करदात्याच्या विजेवर कुणाची खासगी गाडी फुकट धावू नये.