समुद्रपुष्प आणि तांब्याचा कलश

समुद्रपुष्प हें नांवानें फूल असलें तरी प्राणी आहे, हें आम्हांस त्याच्या मृत्यूनेंच नीट उमगलें. नातवाच्या काचपेटींतील खारें पाणी आटे, तेव्हां आम्ही देवघरांतील तांब्याच्या कलशांतलें पाणी तींत ओतीत असूं. मीठ मागें राहतें, म्हणून भर गोड्या पाण्याचीच हवी. इतकें आमचें बरोबर होतें. परंतु मनुष्यास मानवणारा ताम्राचा अंश या जीवास विष! मिटलें तें पुनः उमललें नाहीं.

उलट, सर जॉन डॅलियेल यांनीं १८२८ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एडिंबरोस आणलेलें समुद्रपुष्प काचपात्रांत, समुद्राचें पाणी वारंवार बदलून व शिंपल्यांतील मांसाचा अल्प घास देऊन, १८८७ पर्यंत जगलें. डॅलियेल स्वतः १८५१ सालींच निवर्तले होते.

काचपेटींतील सर्व पाणी बदलून आम्ही नवें समुद्रपुष्प आणविलें आहे. घास नातूच भरवितो. आम्ही त्या वेळीं ओटीवर जातों.