कसारा लोकल का रखडते?

अंतर : सीएसएमटी ते कसारा सुमारे १२० किमी. गाडी वेळेवर धावली, तरी एका बाजूला जवळपास अडीच तास.

रूळ : कल्याणपुढे कसाऱ्याकडे दोनच मार्गिका, एक अप, एक डाऊन. लोकल, नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्या त्यांवरूनच. एक इंजिन बंद पडले की मागे गाड्यांची रांग लागते.

घाट : कसाऱ्यापुढच्या थळ घाटात दर ३७ मीटरला १ मीटर चढण. त्यासाठी कसाऱ्याला गाड्यांना मागून बँकर इंजिने (ढकलणारी जादा इंजिने) जोडावी लागतात, त्यात वेळ जातो.

गर्दी : ऐन गर्दीत डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ जण उभे असतात. आसनगाव, शहापूरच्या नोकरदारांना पर्यायी गाड्या मोजक्याच. एक चुकली की लेटमार्क ठरलेला.

धोका : ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला.

उपाय : कल्याण–कसारा तिसरी मार्गिका, सुमारे ६७ किमी. तिचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. आता ते ठरलेल्या मुदतीत पूर्ण व्हायलाच हवे.