पोटातल्या बाळाचे हृदय पाहून घ्या



गव्हाच्या पानावर तांबेऱ्याचा पहिला ठिपका दिसताच जाणता शेतकरी तो ओळखतो. हजारो पाने पाहिल्यावर ही नजर तयार होते. अशीच नजर आता संगणकाला देता येऊ लागली आहे, आणि तिचा उपयोग पोटातल्या बाळाचे हृदय तपासण्यासाठी होऊ शकतो.

शंभरात सुमारे एका बाळाच्या हृदयात जन्मतः दोष असतो. गर्भात फुप्फुसांना श्वासाचे काम नसते, म्हणून रक्ताचा एक पाट त्यांना वळसा घालून जातो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत हा पाट बुजतो. काही सदोष हृदये मात्र त्याच पाटावर तग धरून असतात. असे बाळ आधी ठणठणीत दिसते आणि मग एकाएकी निळे पडते. तोवर बाळ-बाळंतीण घरी आलेली असतात. दृष्ट काढण्यात घालवलेला तासही मग महागात पडतो.

हे आधी कळू शकते. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे दिसतात. पण तेव्हा हृदय द्राक्षाएवढे, आणि ठोके मिनिटाला ११० ते १६०! सराव नसलेल्या नजरेतून दोष निसटतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. रीमा अर्नाऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक चित्रे दाखवून संगणकाला शिकवले. यालाच ‘मशीन लर्निंग’ म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सदोष हृदयांपैकी शेकडा ९५ ओळखली गेली. मात्र निरोगी हृदयांपैकीही शेकडा चारांवर संशय आला. म्हणून यंत्राची शंका म्हणजे निदान नव्हे. शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

असे यंत्र आपल्या तालुक्याला येईल तेव्हा येईल. तुम्ही आजच करण्याजोगे एवढेच: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजा. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी चुकवू नका. “बाळाचे हृदय नीट दिसले का?” असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मुलगा की मुलगी हे मात्र विचारू नका. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. हृदयाबद्दल शंका निघाली तर हृदयतज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घ्या आणि बाळंतपण बालहृदयरोगाचे उपचार असलेल्या इस्पितळातच ठरवा.

पेरणीचा वाफसा आपण चुकवत नाही. मग हे आठवडे तरी का चुकवावेत?